पासिंगपुरती गाडी

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. सुरुवात एका घासणाऱ्या टायरपासून होते आणि शेवट भलतीकडेच होतो. ज्यांच्या घरात पंधरा वर्षांची गाडी आहे, किंवा गाडी 'खाली बसवायची' हौस असलेलं पोरगं आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी वाचलं तरी तोटा नाही, कारण रस्ता सगळ्यांचाच आहे.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी गेली बावीस वर्षं अंबड एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांचेच पार्ट बनतात. गेज लावायचं, पार्ट बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. नाशिक हे तसं गाड्यांचंच गाव. महिंद्राच्या गाड्या इथं बनतात, बॉशचे डिझेलचे पार्ट इथं बनतात, सिएटचे टायर इथं बनतात. त्यामुळे इथल्या प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस असा सापडतो, ज्याला गाडीतलं 'सगळं कळतं'. आमच्या घरात तो माणूस म्हणजे माझा भाचा.

आमची पेट्रोल हॅचबॅक नोव्हेंबर २००९ ची. एमएच १५. मी कंपनीच्या बसने जातो, म्हणून २०२१ पासून गाडी भाच्याकडेच होती. पोरगं गुणी आहे, व्यसन नाही, पण गाडीचं वेड. त्याने एकेक करत गाडीचं रूप पालटलं. आधी पंधरा इंची अलॉय आले. मग रुंद टायर. मग एक दिवस घरी आला तर गाडी निम्मी जमिनीत गेल्यासारखी दिसत होती. विचारलं, तर म्हणाला, "मामा, लो केली. दिसते की नाही भारी?"

खोटं कशाला बोलू, दिसत होती. कॉलेज रोडला सिग्नलला उभी राहिली की पोरं वळून बघायची. मलाही बरं वाटायचं.

आता यात नेमकं काय होतं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं हे फक्त दिसण्याचं काम आहे. गाडी खाली आणायचे दोन मार्ग. एक, त्या मॉडेलसाठी मोजून बनवलेल्या छोट्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप बसवायचे. हे महागात जातं. दुसरा, आहे तीच स्प्रिंग काढून तिचे एक-दीड वेढे कापून टाकायचे. हे दोन तासात आणि दोन-तीन हजारात होतं. आमच्याकडे दुसरा मार्ग झाला होता. तोही गॅस कटरने.

स्प्रिंगचं पोलाद उष्णतेची प्रक्रिया करून तयार केलेलं असतं. गॅस कटरची आग लागली की त्या जागी ती प्रक्रिया गेलीच म्हणून समजा. शिवाय स्प्रिंगचं टोक बैठकीत बसेल अशा आकाराचं असतं, ते कापल्यावर ती नीट बसत नाही. चाक अधांतरी झालं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून हलू शकते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चाकाला वर जायला जी जागा असते, ती आधीच खाऊन टाकलेली असते. खड्ड्यात चाक वर उसळलं की मधली मोकळी जागा संपते आणि लोखंडाला लोखंड भिडतं.

टायरचा हिशेब त्याहून सोपा. मूळ टायर होता १७५/६५ आर १४. भाच्याने टाकला १९५/५० आर १५. व्यास काढला तर ५८३ मिलिमीटरचा ५७६ झाला, म्हणजे सात मिलिमीटरचाच फरक. स्पीडोमीटर बरोबर दाखवत होता, म्हणून भाचा निर्धास्त. पण रुंदी २० मिलिमीटरने वाढली, त्यातली निम्मी, म्हणजे १० मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला. नव्या अलॉयचा ऑफसेट ४५ ऐवजी ३५, म्हणजे आणखी १० मिलिमीटर बाहेर. एकूण टायर २० मिलिमीटर बाहेर सरकला आणि त्याच वेळी मडगार्ड खाली आलं. मडगार्डच्या आतल्या कडेला पत्रा दुमडलेला असतो, हात लावून बघा, सुरीसारखी धार असते. ती धार आणि टायर समोरासमोर आले.

गाडीत एकटा भाचा असला की काही होत नसे. मागे तीन माणसं बसली की गतिरोधकावर 'खर्रर्र' असा आवाज यायचा. घरात यावर आम्ही काय उपाय काढला? "मागे दोघंच बसा." पाच सीटची गाडी, पण आम्ही तिला चार सीटची करून टाकली, आणि यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. दिवसभर पाच-पाच मायक्रॉनवरून पार्ट रिजेक्ट करणारा मी.

२०२४ च्या नवरात्रात आईला वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला न्यायचं ठरलं. आई, माझी बहीण, बायको, मी आणि चालवायला भाचा. मागे तिघी. जाताना हळू गेलो. येताना दिंडोरीच्या अलीकडे एका गतिरोधकावर गाडी आपटली, आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला. उतरून पाहिलं तर मागच्या डाव्या टायरच्या खांद्यावर बोटभर लांब चीर. आतले धागे दिसत होते. धागे दिसणं म्हणजे टायर फुटायच्या वाटेवर असणं. आम्ही पंधरा मिनिटं आधी साठ-सत्तरच्या वेगात होतो. आई मागे त्याच बाजूला बसली होती.

स्टेपनी लावली. ती मूळ मापाची होती, म्हणून घासली नाही. आईने विचारलं, "काय झालं रे?" मी म्हणालो, "काही नाही, पंक्चर." घरी आल्यावर नवा टायर टाकला, तोही रुंदच, आणि नियम परत तोच. मागे दोघंच बसा.

मग आलं पासिंग. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपायच्या आधी साठ दिवसांच्या आत नमुना २५ चा अर्ज करायचा, विमा, पीयूसी, पर्यावरण कर भरायचा, गाडी तपासणीला दाखवायची, मग पुढची पाच वर्षं मिळतात. केंद्राच्या नियमाने १ एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी ६०० ची ५,००० झाली आहे. मी सगळं ऑनलाइन भरलं. एजंट केला नाही, यात मोठेपणा नाही, नुसता हट्ट.

गाडी नेली तशीच नेली. भाचा म्हणत होता, "मामा, कुणी बघत नाही. चेसिस नंबरचा ठसा घेतात, लाइट-हॉर्न बघतात, झालं." पण त्या दिवशीचे निरीक्षक साहेब वेगळे निघाले. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवरचा आकडा वाचला, खाली बसले आणि मडगार्डच्या आतून हात फिरवला. बोटांना काळं लागलं. मग भाच्याला आणि रांगेतल्या आणखी दोघांना मागच्या सीटवर बसायला सांगितलं. टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोट घालायचा प्रयत्न केला.

मला म्हणाले, "साहेब, माझं बोट जात नाही, तर टायरला हलायला जागा कुठून मिळणार?"

गाडी नापास. कागदावर कारण लिहून दिलं. आवाज चढवला नाही, आडून काही सुचवलंही नाही. मूळ स्प्रिंगा, मूळ मापाचे टायर घालून परत आणा, एवढंच.

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, लाज वाटली. त्यांनी जे तीन मिनिटांत केलं, ते मी तीन वर्षांत केलं नव्हतं.

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे.

बाहेर आलो तर गेटजवळ उभा असलेला एक जण जवळ आला. "काय भाऊ, लो गाडी ना? माझ्याकडे सेट आहे." कसला सेट? तर चार मूळ मापाचे टायर रिमसकट आणि चार स्प्रिंगा. दोन दिवसांचं भाडं तीन हजार, बसवणं-काढणं त्यातच. "पासिंग झालं की संध्याकाळी तुमचा माल परत चढवून देतो. महिन्याला किती गाड्या करतो मी." हे त्याने इतक्या सहज सांगितलं, जसं काही लग्नाला शेरवानी भाड्याने देतोय.

घरी बसून हिशेब केला. कायमचं मूळ रूपात आणायचं तर चार टायर, चार स्प्रिंगा, मजुरी, अलाइनमेंट, सगळं धरून पंचवीस हजारांच्या पुढे. भाड्याने, तीन हजार. भाचा म्हणाला, "मामा, तीन हजारात पाच वर्षं मिळतात. सगळे असंच करतात." आणि मी जवळजवळ 'हो' म्हणालो होतो. फोन हातात घेतला होता.

मग आठवलं की हे मला नवीन नाही. कंपनीत ऑडिट असलं की काय होतं? दोन दिवस आधी फरशीवर पिवळे पट्टे नव्याने रंगवतात. कालबाह्य गेज कपाटात जातात, कॅलिब्रेशनचे स्टिकर लावलेले बाहेर येतात. ऑडिटर गेला की परत जैसे थे. आम्ही त्याला हसत हसत 'ऑडिटपुरती कंपनी' म्हणतो. तिथं फार तर माल परत येतो. इथं आईच्या बाजूचा टायर फुटतो.

सेट घेतला नाही. अलॉय विकले, त्यातून थोडे पैसे सुटले, बाकी भाच्याने आणि मी निम्मे-निम्मे भरले. गाडी पास झाली. त्याच साहेबांनी पुन्हा हात फिरवला, या वेळी बोटं स्वच्छ निघाली. भाचा आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. आणि जेव्हा बोलला तेव्हा त्याने जो प्रश्न विचारला, त्यामुळे ही पोस्ट लिहितोय.

"मामा, माझी गाडी धोकादायक होती, मान्य. पण मला नीट करायची असती, चांगला किट टाकून, तपासून, तर मी कुणाकडे जायचं होतं?"

मी उत्तर शोधायला बसलो आणि सापडलं ते असं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, गाडीत असा बदल करता येत नाही ज्यामुळे नोंदणीतला तपशील आणि उत्पादकाने मूळ ठरवलेला तपशील यात फरक पडेल. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. भाच्याच्या गाडीत स्प्रिंगा, रिम, टायर. मोजा.

म्हणजे उत्तर काय? हौशी माणसाला सरळ वाटच ठेवलेली नाही. चांगला किट आणि गॅस कटर, कायद्यापुढे दोघंही सारखेच. मग पोरगं साहजिकच स्वस्तातलं करतं, आणि पासिंगला सेट भाड्याने घेतं.

यावर काही जण म्हणतील, हौस हवीच कशाला? गाडी कंपनीने बनवली तशी चालवा. मान्य. पण याच कायद्यात अपवाद आहेत. गाडीला सीएनजी किट बसवता येतं. दिव्यांग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीत फेरफार करता येतो. परवानगी घेऊन इंजिन बदलता येतं. सीएनजीचंच बघा. मंजूर झालेलं किट, अधिकृत बसवणारा, आरटीओची तपासणी, आरसीवर नोंद आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी. डिकीत दाबाखालच्या गॅसची टाकी घेऊन आपण लग्नाला जातो आणि कुणाला भीती वाटत नाही, कारण त्यामागे एक पद्धत आहे. टाकीसाठी पद्धत जमते, तर चार स्प्रिंगांसाठी का जमू नये?

बाहेरच्या देशांत जमली आहे. जर्मनीत गाड्यांची तपासणी किती कडक असते ते सांगायला नको, पण तिथं गाडी खाली बसवता येते. किटला कागद असतो, बसवल्यावर तज्ज्ञ तपासतो, टायर कुठे घासतो का ते बघतो आणि गाडीच्या कागदावर नोंद होते. न्यूझीलंडमध्ये ठरावीक मर्यादेपलीकडे बदल केला की वेगळं प्रमाणपत्र लागतं. जपानमध्ये गाडीचा तळ जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर हवा, असा सरळ आकडा आहे. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत टायर गाडीच्या कुठल्याही भागाला घासत असेल तर गाडी नापास, विषय संपला. या सगळ्यांचा रोख एकच आहे. गाडी वेगळी दिसते का, हे ते विचारत नाहीत. गाडी सुरक्षित आहे का, हे विचारतात.

आपल्याकडे पुण्यात एआरएआय आहे, १९६६ पासूनची संस्था. गाड्यांच्या चाचण्या हेच तिचं काम. तिने मॉडेलनुसार किट तपासून मंजूर करावेत, बसवल्यावर आरटीओने बघावं, आरसीवर नोंद व्हावी, विमा कंपनीला कळवलं जावं. त्यासाठी फी घ्या, भरपूर घ्या. हौशी माणूस देईल. आज तो तीन हजार सेटवाल्याला देतोच आहे.

विम्याचंही सांगून ठेवतो. गाडीत बदल केला आणि विमा कंपनीला कळवला नाही, तर अपघातानंतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. आणि बदल मुळात बेकायदा असेल तर कळवणार तरी कसं? पासिंगचा शिक्का अशा वेळी उपयोगी पडत नाही. सर्व्हेयर भंगार झालेली गाडी बघतो आणि कापलेली स्प्रिंग लपत नाही.

दुसरा मुद्दा तपासणीचा. सध्या सगळीकडे यंत्राने तपासणीचा बोलबाला आहे. केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आणले. नाशिकला तर त्याच्या आधीच, अकराव्या पंचवार्षिक योजनेत देशभर जी मोजकी नमुना केंद्रं मंजूर झाली त्यातलं एक मिळालं. मी यंत्राच्या बाजूचा आहे. रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो ते आकड्यात कळतं, हेडलाइटचा झोत मोजला जातो, धूर मोजला जातो. तिथं ओळख चालत नाही. आपल्याकडे फिटनेसच्या ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक असावा, हे मुंबई उच्च न्यायालयाला जनहित याचिकेवर सांगावं लागलं होतं, हे विसरू नका. तिथून आपण इथवर आलो, ते चांगलंच झालं.

पण यंत्रावर गाडी जाते ती बहुतेक रिकामी आणि सरळ. माझी गाडी रिकामी आणि सरळ असताना कुठंच घासत नव्हती! ती घासायची भरलेली असताना, वळताना, खड्ड्यात. रोलरवर ती आरामात पास झाली असती. तिला पकडलं ते एका माणसाच्या हाताने आणि तीन जणांना मागे बसवण्याच्या अकलेने. म्हणून माझं म्हणणं आहे की यंत्र राहू द्या, पण त्याच्या जोडीला भार टाकून बघायची सक्ती करा. मागच्या सीटवर वाळूच्या गोण्या ठेवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, हात फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि नापास केलं तर कारण लेखी, मराठीत, कुठलं चाक, कुठली बाजू. मला तसं मिळालं, म्हणून मी दुरुस्त करू शकलो. हे नशिबावर नको, नियमाने मिळावं.

तिसरा मुद्दा भाच्याचाच आहे आणि तो मला खोडता येत नाही. "माझं बोटभर अंतर मोजलं, ते ठीक. पण घाटात आपल्या पुढे जो ट्रक असतो त्याचं कोण मोजतं?" कसारा घाटाने गेलेल्या प्रत्येकाने गुळगुळीत टायरवर वाकलेले ट्रक बघितले आहेत. मागचा एकही लाल दिवा न लागणारे ट्रॅक्टर-ट्रॉली कांद्याच्या हंगामात पिंपळगाव-लासलगावच्या रस्त्यावर रोज दिसतात. ८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट नाशिककर विसरलेले नाहीत. औरंगाबाद रोडवर मिरची हॉटेलच्या चौकात बस आणि ट्रकची धडक, आग आणि १२ जीव गेले. त्या अपघाताची कारणं वेगळी होती, त्याला टायरशी जोडत नाही. पण त्यानंतर काही दिवस जी जाग आली, ती किती टिकली, हे आपण सगळे बघतोच आहोत.

समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये प्रवेशाजवळ टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या, ते मला फार आवडलं होतं. मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोली हवी, टायरच्या खाचेतच त्याची खूण असते, रुपयाचं नाणं वापरूनही अंदाज येतो. रस्त्यावर अचानक होणारी अशी तपासणी सेटवाल्याचा धंदा बंद पाडते. कारण पासिंगच्या दिवसासाठी सेट मिळतो, वर्षाच्या ३६५ दिवसांसाठी नाही मिळत. पासिंगची तारीख आपल्याला माहीत असते, हीच तर त्यातली मेख आहे. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली परीक्षा आहे ती.

आणि हो, महापालिका आणि बांधकाम विभागालाही थोडं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हळूहळू चढणारा आणि उतरणारा हवा. आपल्या कॉलन्यांत जे असतात ते गतिरोधक नाहीत, डांबराचे बांध आहेत. लो गाडीचं सोडा, मूळ उंचीची गाडीही तिथं पोट घासून जाते आणि दुचाकीवर मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा मणका निघतो. सिंहस्थ तोंडावर आहे, लाखो बाहेरच्या गाड्या नाशकात येणार आहेत. रस्ते होताहेत, होऊ द्या, पण त्यावर हे बांध परत घालू नका.

म्हणजे मी व्यवस्थेलाच दोष देतोय का? नाही. कायद्यात वाट नव्हती म्हणून कापलेल्या स्प्रिंगवर आईला वणीला नेणं बरोबर ठरत नाही. मागे दोघंच बसा, हा नियम आरटीओने केला नव्हता, मी केला होता. सेटवाला महिन्याला इतक्या गाड्या करतो, कारण महिन्याला तितके मालक त्याला फोन करतात. आपणच. पीयूसीवाल्याला 'धूर न बघता दे' म्हणणारे आपण, हेल्मेट नाक्यापुरतं घालणारे आपण, सीटबेल्टचा आवाज बंद करायला नुसतं बक्कल खोचणारे आपण. आपल्याला गाडी पास झालेली हवी असते, चांगली असलेली नको असते. या दोन्ही गोष्टी एकच असाव्यात म्हणून तर तपासणी काढली ना?

त्यामुळे मागणी दोन्हीकडे आहे. सरकारकडे, की सुरक्षित बदलाला सरळ आणि महाग का होईना, पण वाट द्या. घासणाऱ्या टायरला माफी देऊ नका, मोटारीलाही नाही आणि ट्रकलाही नाही. तपासणी भरलेल्या गाडीची करा आणि रस्त्यावर करा. आणि आपल्याकडे मागणी एवढीच, की आज संध्याकाळी गाडी लावताना खाली बसा आणि चारही मडगार्डच्या आतून एकदा हात फिरवा. बोटाला काळं लागलं, पत्र्याचा रंग उडालेला दिसला, टायरच्या खांद्यावर रेघ दिसली, तर समजा. पासिंगला अजून चार वर्षं असतील तरी.

भाचा आता बोलतो. गाडी उंच झाली म्हणून कुरकुरतो, सिग्नलला कुणी वळून बघत नाही म्हणतो. मागच्या महिन्यात परत वणीला गेलो. मागे तिघी बसल्या होत्या, त्यात आई मधोमध. दिंडोरीच्या त्याच गतिरोधकावर गाडी नेली तेव्हा भाच्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. आवाज आला नाही.

आई म्हणाली, "आज गाडी बरी चालतेय रे." तिला अजून तेव्हाचं पंक्चरच माहीत आहे. ही पोस्ट ती वाचत नाही, म्हणून लिहिलं.

तुमचा अनुभव वेगळा असेल तर खाली लिहा. फक्त कुणा अधिकाऱ्याचं, एजंटचं नाव लिहून भांडण लावू नका. मला भांडण नको आहे, भार टाकून केलेली तपासणी हवी आहे.